'फ्लॅट टॅक्स'ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आला आहे: १९९६ सालच्या अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीवरचा लेख मराठीत आणताना स्टीव्ह फोर्ब्ज यांच्या 'फ्लॅट टॅक्स'ला 'सपाट कर' म्हणावे, 'समान कर' म्हणावे की 'सरसकट कर'?

माझे मत 'एकदरी आयकर' या शब्दाकडे झुकते. त्यासाठी आधी फोर्ब्ज काय मागत होते ते पाहावे लागेल.

फोर्ब्ज हे रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठी इच्छुक होते. त्या वेळी अमेरिकेत केंद्रीय आयकराचे पाच टप्पे होते, १५ टक्क्यांपासून ३९.६ टक्क्यांपर्यंत. ते सगळे काढून १७ टक्के हा एकच दर ठेवावा, घरकर्जाच्या व्याजासारख्या वजावटी रद्द कराव्यात आणि विवरणपत्र पोस्टकार्डावर मावेल इतके सोपे करावे, ही त्यांची भूमिका. पण चौघांच्या कुटुंबाला पहिल्या ३६,००० डॉलरवर कर नाही, असेही त्यात होते. शब्द निवडताना नेमकी हीच सूट नजरेआड होते.

हिशेब करून पाहा. वर्षाला ३६,००० डॉलर पगार असलेल्या कुटुंबाला कर शून्य. ७२,००० असतील तर उरलेल्या ३६,०००वर १७ टक्के, म्हणजे ६,१२० डॉलर. एकूण पगाराच्या साडेआठ टक्के. ३,६०,००० असतील तर ५५,०८० डॉलर, म्हणजे १५.३ टक्के. दर एकच, पण ना रक्कम समान, ना पगारातला कराचा वाटा समान. म्हणून 'समान कर' बाद. माणशी ठरावीक रक्कम असलेल्या करासाठी मराठीत 'डोईपट्टी' हा जुना, नेमका शब्द आहेच. ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी १९९०मध्ये इंग्लंडात आणलेल्या आणि रोष ओढवून घेतलेल्या कराला तो जवळचा आहे. फोर्ब्ज यांची योजना तशी नव्हती.

'सरसकट' मला मोहात पाडतो. दुकानदार 'सरसकट २० टक्के सूट' लिहितो तेव्हा तो 'फ्लॅट'चाच अर्थ अगदी सहज देतो. पण सरसकट कर्जमाफी, सरसकट पंचनामे हे शब्दप्रयोग आठवा: कुणालाही वगळलेले नाही, ही त्यातली मुख्य छटा. इथे तर खालच्या उत्पन्नाचा माणूस वगळलेला आहे. आणि 'सपाट'? जमीन सपाट असते, अभिनय सपाट असतो. 'सपाट कर' वाचून ज्याला मूळ इंग्रजी शब्द ठाऊक नाही त्याला काहीही कळत नाही.

'एकरकमी'च्या धर्तीवर 'एकदरी' सहज होतो, आणि एकपणा दराचा आहे हे स्पष्ट सांगतो. कर आणि दर यांतला हा फरक आपल्याला परका नाही. २०१७ साली 'एक देश, एक कर' अशी घोषणा होऊन जीएसटी आला, तेव्हाही त्यात ५, १२, १८ आणि २८ टक्के असे वेगवेगळे दर होतेच. पहिल्यांदा 'एकाच दराचा आयकर' असे फोड करून लिहावे, म्हणजे कुणाला डोंगरदरी आठवणार नाही.

मात्र अनुवादकाने एक वाक्य जोडायलाच हवे, कारण कोणताही एक शब्द ते पेलणार नाही. फोर्ब्ज यांचा दर पगारावर होता. व्याज, लाभांश आणि भांडवली नफा यांवर व्यक्तीला करच नव्हता. कंपनीने नफ्यावर कर भरलेलाच असतो, पुन्हा तो घेणे म्हणजे दुहेरी आकारणी, असा समर्थकांचा युक्तिवाद. त्यामुळे केवळ गुंतवणुकीवर जगणाऱ्या श्रीमंताने स्वतः एक डॉलरही भरायचा नाही असा अर्थ निघतो, हा टीकाकारांचा सगळ्यात जोरदार आक्षेप होता. मला तो रास्त वाटतो. हे न सांगता 'एकदरी' लिहिले, तर वाचक योजना आहे त्यापेक्षा न्याय्य समजेल.

याच कारणाने 'करसुधारणा' हा शब्दही फोर्ब्ज यांच्या तोंडी असेल तिथेच ठेवावा. लेखकाच्या स्वतःच्या निवेदनात 'कररचनेतील बदल' लिहावे.