'झबिहा हलाल': एकच गोष्ट दोनदा?

एका वाचकाने विचारलंय: न्यू जर्सीत मटणाच्या दुकानावर 'झबिहा हलाल' अशी पाटी दिसली. हलाल ही कापायचीच पद्धत ना? मग द्विरुक्ती कशाला?

द्विरुक्ती नाही. घोटाळा आपल्या मराठीचा आहे. आपण 'बोकड हलाल केला' म्हणतो, त्याच्यासमोर 'झटका' ठेवतो, आणि हलाल म्हणजे सुरी फिरवण्याची रीत असं डोक्यात बसतं. अरबीत हलाल म्हणजे ज्याला मुभा आहे ते, एवढंच. मूळ धातूत गाठ सोडण्याचा अर्थ आहे. हिंदीत सवाल 'हल' होतो तो तिथूनच. म्हणून भाकरी हलाल, घामाची कमाई हलाल. बांगडाही हलाल, पण त्याचा गळा कुणी चिरत नाही. अल्लाचं नाव घेऊन गळा चिरणं ते झबह, आणि तसं कापलेलं जनावर ते झबिहा.

मग पाटीवर दोन्ही का? कुराणाच्या पाचव्या अध्यायातली पाचवी आयत सांगते की ज्यांना आधी धर्मग्रंथ मिळाले, त्यांचं अन्न तुम्हाला हलाल. म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती. त्या आधारावर अमेरिकेतले काही मुसलमान सुपरमार्केटातलं चिकन आणतात आणि बिस्मिल्ला म्हणून खातात. बाकीचे सहाव्या अध्यायावर बोट ठेवतात: अल्लाचं नाव न घेतलेलं खाऊ नका. कारखान्यात ते कोण घेणार? डुक्कर दोघांनाही वर्ज्य, आणि आपापलं ताट दोघेही हलालच म्हणणार. त्यामुळे नाव घेतलेलंच हवं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला नुसता 'हलाल' शब्द पुरत नाही, म्हणून पाटीवर 'झबिहा'ही.

वाद जुनाच आहे. १९०३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधून इजिप्तचे मुफ्ती (धर्मशास्त्राचा निवाडा देणारे) मुहम्मद अब्दुह यांना विचारणा झाली: इथले ख्रिस्ती गुराला आधी कुऱ्हाडीचा घाव घालतात, देवाचं नाव घेत नाहीत, ते मांस खावं का? अब्दुह यांनी खा म्हटलं, आणि इजिप्तमध्ये त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

आपल्याकडे अर्थ आकसला तो मुलाण्यामुळे, असा माझा अंदाज. गावगाड्यात बकरं कापणं हे त्याचं काम. हिंदूंच्या जत्रेतलं बकरंही पुष्कळ गावांत तोच कापायचा. गावाने हलाल हा शब्द ऐकला तो त्याच्या सुरीबरोबर. निमकहलालात मात्र जुना अर्थ शाबूत राहिला.