काट्याकडे रोज बघू नकोस

अगं, गरोदरपणाचा तिसरा महिना संपला तरी वजन जेमतेम अर्धा किलो वाढलंय म्हणून घाबरू नकोस. उलट्यांमुळे माझं तर आधी दीड किलो उतरलं होतं. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो वाढलं तरी पुरे.

पुढचं गणित तुझ्या गरोदरपणाआधीच्या बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्या आकड्यावर. तो १८.५ ते २४.९ असेल तर नऊ महिन्यांत साधारण ११.५ ते १६ किलो. २५ ते २९.९ असेल तर ७ ते ११.५. त्याहून कमी-जास्त असेल किंवा जुळं असेल, तर आकडा डॉक्टरांनाच विचार. बाळ तीन-सव्वातीन किलोचं, मग बाकीचं कुठे जातं? वार (प्लॅसेंटा), गर्भजल, वाढलेलं रक्त, स्तन आणि पुढे दुधासाठी साठवलेली चरबी.

‘दोन जिवांची आहेस, दुप्पट खा’ हे ऐकून घे आणि सोडून दे. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३४० कॅलरी जास्त लागतात, शेवटच्या तिमाहीत ४५०. म्हणजे एखादं जास्तीचं खाणं, अख्खं ताट नव्हे. मी ते दुपारी चारला खायचे, नाहीतर रात्री बिस्किटांचा पुडा संपायचा.

वजन आठवड्यातून एकदाच कर. सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. वाढ जास्त वाटली तरी डाएट मात्र करायचं नाही. पण विसाव्या आठवड्यानंतर दोन-तीन दिवसांत एकदम वजन चढलं, चेहरा-हात सुजले, डोकं ठणकलं किंवा अंधुक दिसलं, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ.