डिस्कसची जोडी जमली, आता पुढे काय?

तुमच्या टाकीतले दोन डिस्कस मासे फिल्टरच्या पाइपवर तोंड घासून जागा साफ करताहेत आणि बाकीच्यांना हुसकावताहेत, म्हणजे जोडी जमली आहे. मस्त! आता त्यांना 150 ते 200 लिटरची वेगळी टाकी द्या. तळाला वाळू नको, स्पंज फिल्टर पुरे, आणि अंडी घालायला मातीची कुंडी उलटी ठेवा. तापमान 29 अंशांच्या आसपास राहू द्या.

खरी मेख पाण्यात आहे. कडक, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात अंडी नीट फळत नाहीत, पांढरी पडतात. आरओचं पाणी थोडं थोडं मिसळून ते मऊ करा. पीएचसाठी (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचा आकडा) रोज औषधं ओतत बसू नका. आकडा सतत वरखाली होणं माशांना जास्त बाधतं.

नवखे बहुतेक इथे चुकतात:

- पहिली अंडी खाल्ली की जोडी मोडतात. मोडू नका. नवी जोडी सुरुवातीला बरेचदा असं करते, मग शिकते.
- रात्री पूर्ण अंधार करतात. अंडी असताना मंद दिवा राहू द्या, म्हणजे राखण करता येते.
- पिल्लं लगेच वेगळी काढतात. ही चूक सर्वांत महाग पडते, कारण सुरुवातीचे दिवस पिल्लं आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊनच जगतात.

अंडी साधारण अडीच दिवसांत फुटतात. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं पोहत आईबापांना चिकटली, की कळवा. आर्टेमिया (पिल्लांना खायला द्यायचे बारीक कोळंबीसारखे जीव) कधी द्यायचा ते तेव्हा सांगतो.