स्वयंपाकघरातला नळ बंद करूनही थेंब थेंब गळतोय, नवीन भागात खात्रीचा प्लंबर कसा शोधू?

आधी नळ कसा आहे ते बघा. बरेच फेरे फिरवून बंद होणारा जुना नळ असेल तर बहुधा आतला रबरी वायसर झिजलाय. टाकीकडून येणाऱ्या पाइपचा कॉक बंद करा, नळ खोलून वायसर बदला. काही रुपयांचं काम आहे. अर्ध्या फेऱ्यात बंद होणाऱ्या नळाचा मात्र आतला स्पिंडलच, म्हणजे पाणी चालू-बंद करणारा भागच, बदलावा लागतो. जुना स्पिंडल दुकानात सोबत न्या, मापं वेगवेगळी असतात. नळ जोरात आवळू नका, आटे जातात.

प्लंबरसाठी सोसायटीच्या वॉचमनला किंवा जवळच्या हार्डवेअरवाल्याला विचारा. जवळचा माणूस पुन्हा बोलावलं तर येतो. मजुरी आधीच ठरवा. भिंतीत ओल असेल तर फोडाफोडीआधी दुसऱ्यालाही दाखवाच.