मोठी ऑर्डर आलीय, पण बायकांची मजुरी कमी करून घेऊ का?

प्रश्न: नमस्कार ताई, मी डिचोलीची. हॉटेलवाले काढून टाकतात त्या चादरी, टॉवेल घेऊन आम्ही पिशव्या आणि पायपुसणी शिवतो, गावातल्या सहा बायका आहेत, तासावर मजुरी देते. आता कळंगुटच्या एका दुकानदाराने महिन्याला तीन हजार पिशव्या मागितल्यात, पण भाव इतका पाडून की मजुरी कमी केल्याशिवाय परवडणार नाही, वर म्हणतो जुनं कापड कमी पडलं तर ताग्यातलं नवीन वापरा, कुणाला कळतंय. घरचे म्हणतात संधी सोडू नको. काय करू?

उत्तर: नवीन कापडाचं आधी सांगते, ते अजिबात करू नका. गिऱ्हाईक तुमची पिशवी जुन्या चादरीची आहे म्हणून घेतं, मग नवीन कापड देऊन तेच नाव लावलं तर ती सरळ फसवणूक आहे, आणि बाकी कुणाला नाही कळलं तरी शिवणाऱ्या बायकांना पहिल्याच दिवशी कळणार ना.

आता मजुरी. तासाऐवजी नगावर, म्हणजे पिशवीमागे, पैसे देणं वाईटच असं नाही, पण दर दुकानदाराच्या भावावरून उलटा काढायचा नाही. जी बाई सावकाश पण नीट शिवते तिला एक पिशवी पूर्ण करायला किती वेळ लागतो ते बघा, त्यात चादर उसवणं, डागाचा भाग कापून काढणं, इस्त्री, सगळं धरा, कारण खरा वेळ तिथेच जातो आणि तोच कुणी मोजत नाही. तेवढ्या वेळात तिला आजच्याइतकी मजुरी सुटली पाहिजे आणि ती सरकारच्या किमान वेतनाखाली जाता कामा नये. त्यावरून जो भाव निघेल तो सांगा, आणि बायकांना बसवून हिशोब दाखवा, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे तर त्यांना माहीत नको?

माल कुठून येणार हेही बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर धुतलेलं कापड वाळत नाही, बुरशी धरते, म्हणून चादरी मे संपायच्या आत धुऊन वाळवून कोरड्या जागी ठेवा आणि पावसात फक्त शिवा. दोन-तीन हॉटेलांच्या हाउसकीपिंगवाल्यांशी लेखी ठरवा, चादरी कधी बदलतात, किती निघतात, किती कापड मिळेल त्यावरच आकडा कबूल करा. शुद्ध सुती आणि पॉलिस्टर मिक्स वेगळं ठेवा, मिक्स कापडातले धागे वेगळे करणं फार कठीण असतं. उरलेल्या चिंध्या पानिपतला जातात तिथे त्या पिंजून परत सूत काढतात, पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून चादरीची पिशवी होत असेल तर ती आधी पिशवीच होऊ द्या.

आणि एक, उधारी! उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, नसेल तर आधी करून घ्या. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे तुमच्यासारख्या छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, उशीर झाला तर व्याज. वाढणारा धंदा बऱ्याचदा इथेच मरतो, ऑर्डर असते पण मजुरी द्यायला हातात पैसे नसतात, आणि मग पहिली कात्री बायकांच्या पगाराला लागते.

दुकानदाराला सांगा पहिले दोन महिने पाचशे पिशव्या, तुमच्या भावात, अर्धे पैसे आगाऊ. नाहीच म्हणाला तर सोडा त्याला, आणि ज्या हॉटेलांच्या चादरी घेता त्यांनाच विचारा, खोलीत ठेवायला लाँड्रीच्या पिशव्या त्यांना लागतातच.