मण्यांच्या दागिन्यांसाठी लेकीच्या फीची एफडी मोडावी का?

प्रश्न: मी 43 वर्षांची, जालन्यात खासगी शाळेत शिकवते. पगार 24,000 रुपये. यजमानांची पाच एकर जिरायत, कापूस आणि सोयाबीन. मुलगी दहावीत आहे, पुढे नीटसाठी दोन वर्षं लातूरला ठेवायची आहे. तीन वर्षांपासून मी अकीक, जांभळा स्फटिक, मूनस्टोन यांचे दागिने घरीच करते. गेल्या वर्षी 62 नग विकले, 43,400 रुपये आले. सामानाला 19,800 लागले, म्हणजे 23,600 नफा. आता अडीच लाखांच्या एफडीतले दोन लाख मोडून 85,000 ची दगड पॉलिश करण्याची मशीन, 70,000 चे मणी जयपूरहून आणि 45,000 प्रदर्शनांच्या स्टॉलसाठी घालावेत असं वाटतं. व्यापारी म्हणतो, दगडांचे भाव वाढतच जातात, ही गुंतवणूकच आहे. एफडी 7 टक्क्यांची, तीन वर्षांची, 14 महिने झालेत.

ताई, सप्रेम नमस्कार. तुम्ही पाठवलेले फोटो बघितले. काम सुबक आहे, गाठी एकसारख्या बसल्यात. छंद सोडा असं मी म्हणणार नाही, पण एफडी मोडू नका. कारण एकच आहे आणि ते तुमच्याच आकड्यांत आहे: या कामात कमाई तुमच्या हाताची आहे, भांडवलाची नाही. भांडवल दहापट केलं तरी हात दोनच राहतात.

23,600 मधून दोन प्रदर्शनांचं भाडं आणि संभाजीनगरचं जाणं-येणं वजा करायचं राहिलंय. पत्राच्या शेवटी तुम्हीच ते 4,700 लिहिलंत. उरले 18,900. एका माळेला मणी निवडणं, ओवणं, फोटो, व्हॉट्सअ‍ॅपवरची बोलणी, पॅकिंग धरून तीन तास, म्हणजे 62 नगांना 186 तास. तासाला जेमतेम शंभर रुपये पडले. ही तुमची मजुरी आहे, वाईट नाही, आणि ती मिळावीच. पण तिला नफा समजून त्यावर दोन लाख लावले की हिशोब फसतो. तासाला 80 रुपये मजुरी धरली तर खरा नफा वर्षाला चार हजार उरतो. तेवढ्याच दोन लाखांवर एफडी वर्षाला 14,000 व्याज देते, तेही रात्री जागून गाठी न मारता.

आता 70,000 च्या मण्यांचं बघू. तुमच्या बिलात 8 मिमी अकीकाची लड 320 रुपयांना आहे. हूक, रेशीम, डबी धरून माळ 425 ला पडते. या भावाने 70,000 मध्ये साधारण 165 माळांचं सामान येतं. सध्याच्या वेगाने ते संपायला अडीच वर्षांहून जास्त लागतील. तोपर्यंत रंगांची आवड बदललेली असेल आणि पैसा कपाटात पडून राहील. हे टाळायचं तर खरेदीच मापात हवी. साधारण 38 सेंमीच्या लडीत 8 मिमीचे 48 मणी असतात. नुसते ओवले तर 18 इंची माळेला ते कमी पडतात, म्हणून दुसरी लड फोडावी लागते आणि तिचे चाळीसेक मणी उरतात. तुमच्या खणात पडलेले सुटे मणी बहुतेक असेच उरलेले असणार. प्रत्येक दोन मण्यांत एक गाठ मारली तर गाठीमागे साधारण एक मिमी वाढतो, 48 मण्यांचे 43 सेंमी होतात आणि हूक धरून 18 इंच भरतात. लड एक, माळ एक, उरलं काही नाही. शिवाय रेशीम तुटलं तरी मणी घरभर पसरत नाहीत. आपल्याकडचे पटवेकरी गाठवणं हाताने करत आलेत. एखाद्या जुन्या पटवेकऱ्याकडे चार दुपारी बसलात तर गाठीला लागणारा वेळ नक्की कमी होईल.

मशीनबद्दल मात्र मी ठाम आहे: नको. तुम्ही लिहिलंत की भावाच्या सिल्लोडच्या विहिरीतून चमकदार खडे निघतात, ते घरीच घासता येतील. आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत दोन प्रकारचे दगड मिळतात. अकीक आणि स्फटिक हे कडक, कडकपणाच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर सातच्या आसपास, दागिन्याला चांगले. पण विहिरीत पांढरे, गुलाबी, हिरवट असे जे देखणे खडे भुरळ घालतात ते बहुधा झिओलाइट किंवा अपोफिलाइट असतात. त्यांचा कडकपणा साधारण साडेतीन ते साडेपाच. ते पापुद्र्यांनी सुटतात, भोक पाडताना फुटतात. संग्राहकांना त्यांची किंमत असते, गळ्यात घालण्याच्या कामाचे ते नाहीत. आणि अकीक 2015 पासून गौण खनिजांच्या यादीत आहे. विक्रीसाठी उकरायचा तर जिल्हा खनिकर्म कार्यालयात आधी विचारा.

त्याहून मोठी काळजी धुळीची. अकीक म्हणजे सिलिका. गुजरातेतल्या खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांत सिलिकोसिसने, म्हणजे सिलिकाची धूळ श्वासातून जाऊन होणाऱ्या आजाराने, फुफ्फुसं निकामी झाल्याच्या नोंदी आहेत. सतत पाणी सोडून, बाहेर हवेशीर जागेत, नीट बसणारा मास्क लावून घासलं तर धोका कमी होतो, पण जालन्यात उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरचं असताना मशीनला पाण्याची धार कुठून देणार? घरात शिकणारी मुलगी आहे. तयार कॅबोशॉन, म्हणजे वरून घुमटासारखे पॉलिश केलेले खडे, जयपूरला तुमच्या एका तासाच्या मजुरीपेक्षा कमी किमतीत मिळतात. ते 85,000 इथेच वाचले.

दगड ही गुंतवणूक, हे व्यापाऱ्याचं म्हणणं सोडून द्या. सोन्याला हॉलमार्क आहे, एचयूआयडी म्हणजे दागिन्याचा सहा अंकाक्षरी ओळख क्रमांक आहे, कुठल्याही गावात वजनावर पैसे मिळतात. अकीक किंवा मूनस्टोनची लड तुम्हाला विकणाराही त्याच भावाने परत घेणार नाही. सोनार गहाण घेताना खड्यांचं वजन आधी वजा करतो, यातच सगळं आलं.

मग काय करायचं? एकदाच 30,000 घाला. त्यातले 20,000 मण्यांना, 6,000 हूक-तारांना, 4,000 डब्या आणि कार्डांना. यापुढची खरेदी फक्त विक्रीतून आलेल्या पैशातून, वेगळ्या बचत खात्यातून. ते खातं रिकामं झालं तर नवी लड घ्यायची नाही, खणातल्या मण्यांचं काही करायचं. 30,000 हाताशी नसतील तर एफडी न मोडता तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या. बँका साधारण एफडीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त लावतात आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. 9 टक्क्यांनी 30,000 चार महिने वापरले तर 900 रुपये. मुदतीआधी मोडलीत तर झालेल्या 14 महिन्यांना लागू असलेला दर मिळेल आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात. एफडी बँकेत आहे ना, एवढं बघून घ्या. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. आपल्या भागात हे किती घरांना महागात पडलंय ते तुम्हाला माहीत आहे.

कमाई खरोखर वाढवायची असेल तर तासाला किती मिळतात ते बघा, आणि इथे माळेपेक्षा कानातलं पुढे आहे. 6 मिमीच्या लडीत साधारण 64 मणी, म्हणजे 32 जोड. लड 220 ला धरली तर जोडीला सात रुपयांचे मणी, त्यावर स्टीलचे हूक, दोन पिना, कार्ड, एकूण वीसेक रुपये. संक्रांतीच्या वाणाला 80 रुपयांनी एकगठ्ठा दिले तर जोडीमागे 60 सुटतात. पॅकिंग धरून तासाला सहा जोड झाले तरी 360 रुपये, माळेच्या साडेतीनपट. पिन 0.7 मिमीची घ्या, मण्याच्या वर साधारण एक सेंमी ठेवून कापा, आधी काटकोनात वाकवा, मग गोल टोकाच्या पकडीने कडी वळवा. कडी उघडताना बाजूला सरकवा, फाकवू नका. फाकवलेली कडी सैल होते आणि मणी हळदीकुंकवातच गळून पडतो.

वर्षाचं वेळापत्रक आपल्याकडच्या सणांवर बसवा. महालक्ष्म्यांच्या आधी माळा, नवरात्रात नऊ रंग, जानेवारीत वाणाचे जोड, एप्रिल-मे लग्नसराई. खरेदी प्रत्येकाच्या दीड महिना आधी. जून-जुलैत पेरणीमुळे घरात रोकड नसते, तेव्हा काहीच घेऊ नका. स्टॉल वर्षाला दोनच, आणि भाडं अंदाजे विक्रीच्या दहा टक्क्यांवर जात असेल तर तोही सोडा.

जयपूरहून माल येईल तेव्हा रंगवलेला दगड ओळखायला शिका, कारण परत आलेली एक माळ तीन माळांची कमाई खाते. नेलपॉलिश काढायच्या द्रवात पांढरा कापूस बुडवून मण्यावर घासा. कापसाला रंग लागला तर मणी रंगवलेलाच. लागला नाही म्हणून मात्र अस्सल ठरत नाही. भेगांत रंग गडद साचलेला दिसला तरी तेच. फिरोजा म्हणून बऱ्याचदा रंगवलेला हाउलाइट हा स्वस्त पांढरा दगड येतो. मूनस्टोन म्हणून दुधी काच येते. दहापट भिंगातून आत बुडबुडे दिसतात. रंगवलेला माल विकायला हरकत नाही, बिलावर तसं लिहा. भोकाची कड धारदार असेल तर ती रेशीम कापते, आधी रीमरने, म्हणजे भोक घासायच्या बारीक कानशीने, गुळगुळीत करून घ्या. मोती, पोवळं, फिरोजा आपल्या उन्हाळ्यातल्या घामाने आणि अत्तराने खराब होतात, गिऱ्हाइकाला ते कार्डवर छापून द्या.

आपल्या मातीची गोष्ट तुम्हाला कार्डवर छापायची आहे, तीही खरी छापा. पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठणहून भडोचला जाणाऱ्या अकीकाच्या जातीच्या दगडांचा उल्लेख आहे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जुने मणी बघता येतात, एकदा लेकीला घेऊन जा. पण तुमचा माल जयपूरचा असेल तर "पैठणचा अकीक" असं लिहू नका, आणि राशीचा खडा म्हणूनही विकू नका.

कराचं थोडक्यात. रिटर्न भरताना ही कमाई व्यवसायाच्या उत्पन्नात दाखवावी लागते, शाळेच्या पगारासोबत एकाच रिटर्नमध्ये. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण परराज्यात पाठवायला किंवा ऑनलाइन पोर्टलवर विकायला लागलात की नियम बदलतात. हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, ती तुमच्या दागिन्यांना लागू होते का हे पहिली ऑर्डर घेण्याआधी सीएला विचारा. दिवाळीनंतर मला तीन आकडे कळवा: विकलेले नग, लागलेले तास आणि खणात उरलेल्या मण्यांची खरेदी किंमत. तिसरा आकडा 20,000 च्या वर गेला असेल तर संक्रांतीची खरेदी त्याच मण्यांतून करायची.