वाचकांचे प्रश्न : काउंटीच्या सभेतील दोन मिनिटे

प्रश्न : आम्ही सहा वर्षांपासून कॅलिफोर्नियातील एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात, राहतो. आमची वस्ती कोणत्याही शहराच्या हद्दीत येत नाही. मुलाच्या शाळेसमोरून मोटारी फार वेगाने जातात आणि रस्ता ओलांडण्यासाठी तेथे पट्टे आखलेले नाहीत. गेल्या महिन्यात मी काउंटीच्या सभेत हा विषय मांडला. माझी दोन मिनिटे संपताच अध्यक्षांनी आभार मानून पुढचे नाव पुकारले. पाचांपैकी एकही सदस्य काही बोलला नाही. नातवाला रोज शाळेत सोडणारी माझी आई साताऱ्याहून आलेली आहे. गावच्या ग्रामसभेत तिने नळपाण्याचा प्रश्न अनेकदा मांडला आहे आणि तिला येथेही बोलायचे आहे. पण तिला इंग्रजी येत नाही, आणि आम्ही दोघे वर्क व्हिसावर आहोत. पुन्हा जाण्यात काही अर्थ आहे का? आईला बोलू देतील का?
— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : पोटच्या मुलाच्या सुरक्षिततेबद्दल बोलावे आणि समोरून काहीच उत्तर येऊ नये, याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण त्या मौनाचे कारण समजून घ्यावे, कारण पुढची सगळी पावले त्यावर अवलंबून आहेत. कॅलिफोर्नियात स्थानिक संस्थांच्या सभा जनतेसाठी खुल्या ठेवणारा ब्राउन कायदा 1953 पासून लागू आहे. या कायद्यानुसार नियमित सभेची विषयपत्रिका किमान 72 तास आधी जाहीर करावी लागते आणि तीत नसलेल्या विषयावर काउंटीच्या मंडळाला निर्णय घेता येत नाही किंवा चर्चाही करता येत नाही. सभेला आलेले लोक मात्र काउंटीच्या अखत्यारीतील कोणत्याही विषयावर बोलू शकतात. त्यावर सदस्य फार तर थोडक्यात उत्तर देऊ शकतात, एखादा खुलासा विचारू शकतात किंवा विषय अधिकाऱ्यांकडे सोपवू शकतात. मंडळावरचे हे बंधन तुमच्या शेजाऱ्यांच्या हितासाठी आहे. समजा, त्याच रस्त्यावरील एखाद्याला दारासमोर पट्टे नको असतील, तर त्याला सूचना न मिळताच, तुम्ही दोन मिनिटे बोललात म्हणून, तेथल्या तेथे निर्णय होऊन जाणे न्याय्य ठरले नसते. अर्थात, ‘हा विषय रस्ते विभागाकडे पाठवतो’ एवढे वाक्य कायद्यात बसत होते, आणि ते कोणी तरी उच्चारायला हवे होते असे मलाही वाटते.

ग्रामसभेची सवय असलेल्या माणसाला येथे चुकल्यासारखे होते. ग्रामसभेचे सदस्य म्हणजे गावाच्या मतदार यादीतील सर्व लोक. त्यामुळे तुमच्या आई तेथे सभेचा घटक म्हणून बोलत होत्या आणि ठरावावर हातही वर करत होत्या. काउंटीत मत फक्त बोर्ड ऑफ सुपरवायझर्सचे, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचे, असते. सुपरवायझर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्यातला मुकादम येतो, पण येथे तो चार वर्षांसाठी निवडून आलेला लोकप्रतिनिधी असतो. सॅन फ्रान्सिस्को वगळता कॅलिफोर्नियाच्या सर्व काउंट्यांत असे पाच जण असतात. मात्र बोलण्याच्या हक्काची व्याप्ती ग्रामसभेपेक्षा मोठी आहे : त्यासाठी नागरिक किंवा मतदार असण्याची अट नाही. सभेला हजर राहण्यासाठी नाव नोंदवण्याची किंवा अन्य माहिती देण्याची सक्तीही कायद्याने करता येत नाही. तेव्हा वर्क व्हिसा आड येत नाही, आणि पाहुण्या म्हणून आलेल्या आईही बोलू शकतात. बोललेले सार्वजनिक नोंदीत जाते, म्हणून घरचा पत्ता किंवा व्हिसाचा तपशील सांगण्याचे कारण नाही. शाळा आणि रस्ता यांची नावे पुरेत.

आईंनी मराठीतच बोलावे, असा माझा आग्रह राहील. 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार दुभाष्याच्या मदतीने बोलणाऱ्याला नेहमीच्या किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. सभागृहात एकाच वेळी भाषांतर ऐकवणारी यंत्रणा असेल तरच याला अपवाद आहे. म्हणजे मर्यादा दोन मिनिटांची असेल तर तुम्हा मायलेकींना चार मिनिटे मिळतील. सभेच्या दोन-तीन दिवस आधी क्लार्क ऑफ द बोर्डच्या (मंडळाच्या सभांचे कामकाज सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात तसे कळवून ठेवा. आणि आईंना भाषण पाठ करायला लावू नका. सकाळी शाळा भरताना त्या नातवाचा हात धरून किती वेळ कडेला थांबतात, कोणत्या बाजूने येणारी मोटार झाडामुळे उशिरा दिसते, हे रोज चालणाऱ्या माणसाला माहीत असते, आणि ते तिच्या तोंडून ऐकण्यात जे वजन आहे ते आपण तयार केलेल्या निवेदनात येणार नाही.

तरीही खरे काम त्या चार मिनिटांच्या बाहेर आहे. विषय विषयपत्रिकेवर आला पाहिजे, आणि तो आणू शकतो तुमच्या मतदारसंघाचा सुपरवायझर. त्याच्या कार्यालयाला पत्र लिहून भेटीची वेळ मागा आणि पाच-सहा कुटुंबे एकत्र जा. मागणी नेमकी ठेवा : या रस्त्याची वाहतूक पाहणी करावी आणि तिचा अहवाल अमुक महिन्यापर्यंत मंडळापुढे ठेवावा. ‘काही तरी करा’ या विनंतीवर कोणताही अभियंता पट्टे आखू शकत नाही. त्याला वाहनांची गणना आणि वेगाची मोजणी लागते. वेगाची तक्रार मात्र वेगळी आहे. मुले ये-जा करत असताना शाळेजवळ ताशी 25 मैलांची मर्यादा असते, आणि शहराच्या हद्दीबाहेरील रस्त्यांवर वाहतुकीचे नियम राबवण्याचे काम बहुतांशी कॅलिफोर्निया हायवे पेट्रोल या राज्याच्या पोलीस दलाकडे असते. म्हणून पट्ट्यांसाठी काउंटीकडे आणि वेगासाठी हायवे पेट्रोलच्या स्थानिक कार्यालयाकडे, असे दोन स्वतंत्र अर्ज करा.

तुमच्या वस्तीसाठी सल्लागार समिती आहे का, हेही पाहा. अॅलमिडा काउंटीतील कास्ट्रो व्हॅली हेही शहर नाही, पण तेथे अशी समिती आहे आणि ती सुपरवायझर मंडळाला सल्ला देते. असे मंच घराजवळ असतात आणि गर्दी कमी असल्याने ऐकूनही घेतात. काळही सांभाळा. काउंटीचे आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होते. जूनमध्ये अंदाजपत्रकाच्या सुनावणीला जाऊन पैसे मागितले तर बहुतेक रकमा ठरून गेलेल्या असतात. मागणी हिवाळ्यातच नोंदवावी.

प्रश्न : आमच्या घरामागील मोकळ्या जागेवर मोठे गोदाम प्रस्तावित असल्याचे शेजाऱ्यांकडून कळले. आम्ही भाडेकरू असल्याने आम्हाला नोटीस आली नाही. सुनावणी कामाच्या दिवशी दुपारी आहे. पत्र पाठवले तर चालेल का?
— एक वाचक, कॅलिफोर्निया

उत्तर : चालेल, आणि ते पाठवाच. अशा प्रकरणांत सामान्यतः 300 फुटांच्या आतील मालमत्तांच्या मालकांना सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी नोटीस पाठवली जाते. भाडेकरू त्यातून सुटतो. पण नोटीस आली नाही म्हणून तुमचा हक्क जात नाही.

येथे एक गोष्ट फार काळजीने लक्षात ठेवावी. जमीन वापराचा निर्णय पुढे न्यायालयात गेला, तर सुनावणीत किंवा सुनावणीपर्यंत पोहोचलेल्या लेखी पत्रात कोणी तरी मांडलेल्या मुद्द्यांपुरतेच आव्हान मर्यादित केले जाऊ शकते. म्हणून नुसता ‘आमचा विरोध आहे’ असे न लिहिता रात्रीचे ट्रक, आवाज, धूर, पावसाच्या पाण्याचा निचरा, मुलांचा शाळेचा रस्ता असा प्रत्येक मुद्दा वेगळा लिहा. पत्रावर प्रकरणाचा क्रमांक घाला, ते सुनावणीपूर्वी पोहोचल्याची लेखी पोच घ्या आणि ती जपून ठेवा. जमीन वापराचे प्रस्ताव तपासणाऱ्या नियोजन आयोगाचा निर्णय झाल्यावर अपिलाची मुदत अगदी थोड्या दिवसांची असते. ती नेमकी किती आहे आणि अपिलाचे शुल्क काय आहे, हे नियोजन विभागाला सुनावणीच्या आधीच विचारून ठेवा.